जुनी गूढकथा कुठे सापडते

खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांनी मला पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी त्यांनी शाळेत असतानाच वाचले, जयंत नारळीकर कॉलेजात वाचले, आणि आता ते मोबाइलवर लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराच्या इंग्रजी कथा वाचत आहेत. परंतु कुणालाही विचारले तरी हीच तीन-चार नावे पुढे येतात. या नावांच्या मागे आणि आजूबाजूला मराठीत आणखी काही आहे काय, आणि असल्यास पुण्या-मुंबईपासून दूर, सीमाभागात राहून ते मिळवायचे कसे, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे. बेळगावातील एका मराठी वाचनालयात मी एकतीस वर्षे ग्रंथपाल होते आणि हे साहित्य माझ्या स्वतःच्या वाचनातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देते.

आहे, आणि पुष्कळ आहे. अडचण एवढीच की त्याचे वेगळे कपाट कधी नव्हते. आमच्याकडे पुस्तके कथा, कादंबरी, नाटक, चरित्र, अनुवादित, बालवाङ्मय अशा विभागांत आणि प्रत्येक विभागात लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेली असत, त्यामुळे दांडेकरांच्या शेजारी धारप आणि खांडेकरांच्या शेजारी खानोलकर उभे राहत. ‘भुताचं काहीतरी द्या’ म्हणून येणारा वाचक बहुधा धारपांची चार पुस्तके नेई आणि ती संपली की रहस्यकथांकडे वळे, कारण पुढचे पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे सांगणारी कोणतीही नोंद आमच्या दाखल नोंदवहीत नव्हती. जे सांगता येई ते ग्रंथपालाच्या वाचनातून आणि आठवणीतूनच सांगावे लागे. शब्दही बदलत गेले. आज आपण गूढकथा, भयकथा, विज्ञानकथा म्हणतो. एकोणिसाव्या शतकातल्या ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांच्या काळात या साऱ्याला ‘अद्भुत’ हा एकच शब्द पुरत असे, आणि पुढे कित्येक भयकथा ‘रहस्यकथा’ या नावाखाली किंवा कोणतेच नाव न लावता छापल्या गेल्या. त्यामुळे साहित्यप्रकाराचे नाव घेऊन शोधायला निघालात तर हाती थोडेच लागेल.

माझा अनुभव असा की लेखक शोधण्यापेक्षा संपादक शोधावा. एखादा लेखक आयुष्यात दोनच अप्रतिम गूढकथा लिहितो, बाकी सगळे कौटुंबिक लिहितो आणि विसरला जातो. त्या दोन कथा त्याच्या नावाने कधीच सापडत नाहीत. पण त्या कथा ज्याने निवडल्या, त्याने तशाच आणखी दोनशे निवडलेल्या असतात. मराठीत असे पहिले नाव घ्यायचे ते अनंत अंतरकर यांचे. त्यांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केला आणि त्यानंतर ‘मोहिनी’ व ‘नवल’ ही मासिके काढली. ‘हंस’मध्ये परभाषांतल्या उत्तम कथांचे अनुवाद ते आग्रहाने छापत, आणि ‘नवल’ तर नावाप्रमाणेच अद्भुत, गूढ, साहसी आणि वैज्ञानिक कल्पनांच्या लेखनासाठी वाहिलेले होते. ‘नवल’चे जुने अंक हाती आले की कोणता लेखक प्रसिद्ध आहे हे न पाहता पहिल्या पानापासून वाचत जावे. ज्यांची नावे आपण कधी ऐकलेली नसतात अशा लेखकांच्या कथा तिथे मिळतात, आणि त्यांतल्या काही रात्री उशीरापर्यंत जागवतात. दिवाळी अंकांत ‘धनंजय’ने रहस्य, गूढ आणि विज्ञानकथा यांसाठी हेच काम वर्षानुवर्षे केले आहे. दिवाळी अंकाची प्रथा मुळात ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या अंकापासूनची, म्हणजे शंभरांहून अधिक दिवाळ्यांचा हा साठा आहे आणि त्यातला फारच थोडा भाग पुढे पुस्तकरूपाने आला.

तुम्ही खानापूरचे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाचे पहिले संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे तुमच्याच तालुक्यातल्या जांबोटीचे. त्यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी ऐतिहासिक आहे, अद्भुत नव्हे, त्यामुळे या उत्तरात तिला जागा नाही. परंतु मराठी मासिक-संपादनाच्या आरंभीच्या माणसांपैकी एक आपल्या जंगलपट्ट्यातून गेला, हे तुमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

संपादकाचा माग काढण्याची ही रीत मराठीपुरती नाही. तुम्ही लव्हक्राफ्ट वाचता आहात. त्याच्या बहुतेक महत्त्वाच्या कथा ‘विअर्ड टेल्स’ या १९२३ साली अमेरिकेत निघालेल्या मासिकात आल्या, आणि १९२४ पासून १९४० पर्यंत फार्न्सवर्थ राइट हे त्याचे संपादक होते. लव्हक्राफ्टनंतर काय वाचावे, याचे उत्तर त्या मासिकाच्या अनुक्रमणिकांत आहे. दुसरे उत्तर त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे: अलौकिक भयाच्या साहित्यावरचा त्याचा प्रदीर्घ निबंध १९२७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात पो, मॅकेन, ब्लॅकवुड, एम. आर. जेम्स अशा कित्येकांचा त्याने स्वतः वाचून केलेला परिचय आहे. त्या निबंधाच्या पहिल्या रूपात विल्यम होप हॉजसनचे नाव नव्हते. हॉजसन १९१८ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला होता आणि त्याची पुस्तके विस्मरणात गेली होती. हर्मन कोनिग नावाच्या एका संग्राहकाने १९३४ साली हॉजसनची पुस्तके लव्हक्राफ्टला आणि त्याच्या मित्रांना वाचायला दिली, ती वाचून लव्हक्राफ्टने निबंधात भर घातली, आणि १९४६ साली अर्कम हाउस या प्रकाशनाने हॉजसनच्या कादंबऱ्या एकत्र छापल्या. त्यांतली ‘द हाउस ऑन द बॉर्डरलँड’ (१९०८) तुम्ही अवश्य वाचा. आयर्लंडमधल्या एका ओसाड जागी पडक्या घराच्या ढिगाऱ्यात दोन प्रवाशांना एक खराब झालेले हस्तलिखित सापडते आणि त्या हस्तलिखितातून त्या घराची हकिगत उलगडत जाते. घराच्या खिडकीतून दिवस-रात्र पट्ट्यासारखे वेगाने पळू लागतात आणि सूर्य म्हातारा होत जातो, ते वर्णन वाचताना माझ्या हाताला अक्षरशः कापरे भरले होते. एका माणसाने आपल्या घरातली पुस्तके दुसऱ्याला वाचायला दिली नसती, तर हे आपल्यापर्यंत आले नसते.

उलट काय घडते, तेही मी पाहिले आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. जवळच्या एका गावातल्या वाचनालयाने जागा करण्यासाठी जुन्या मासिकांचे बांधीव खंड रद्दीत काढले. मला कळले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते आणि मी पोचले तेव्हा काटा लावून वजन चालू होते. पावसाळ्याचे दिवस होते, खंड ओलसर होते, आणि रद्दीवाला ओलाव्याचे वजन कापून घेण्यासाठी हुज्जत घालत होता. मी रद्दीच्याच भावाने सात खंड विकत घेतले. बाकीचे त्याआधीच पोत्यात बांधून टेम्पोत चढले होते. घरी येऊन एकेक खंड पंख्याखाली उघडून ठेवला, पाने चिकटली होती तिथे मध्ये रद्दी कागद सरकवला, आणि तिसऱ्या खंडात एक कथा सापडली. एक मोजणीदार एका शेताची हद्द मोजायला येतो; शेत प्रत्येक मोजणीला एक पाऊल जास्त भरते, आणि शेजारच्या शेतांतून मात्र काहीच कमी होत नाही. लेखकाचे नाव मी आधी कधी ऐकले नव्हते आणि नंतरही कुठे पाहिले नाही. कथेचे शेवटचे पान कसरीने इतके खाल्ले होते की अर्ध्या ओळी जाळीसारख्या झाल्या होत्या, पण कुणीतरी पूर्वीच्या वाचकाने, कदाचित पान फाटू लागले तेव्हाच, गेलेले शब्द समासात पेन्सिलीने, बारीक आणि सुबक अक्षरात लिहून ठेवले होते. त्या माणसामुळे मला शेवट वाचता आला. त्या दिवशी टेम्पोत गेलेल्या पोत्यांत काय काय होते हे आता कुणालाच कळणार नाही, आणि त्याची हळहळ आजही कमी झालेली नाही.

जुना अंक हाती आल्यावर तो कसा वाचावा, याविषयी दोन शब्द. कथेइतकीच बाकीची पानेही पाहावीत. मलपृष्ठावर आणि आतल्या पानांवर त्या काळच्या प्रकाशकांच्या जाहिराती असतात; ज्या पुस्तकाचा उल्लेख पुढे कोणत्याही वाङ्मयेतिहासात आला नाही, त्याचे नाव, किंमत आणि दोन ओळींची ओळख तिथे मिळते. ‘पुढील अंकात’ अशी चौकट असते, तिच्यावरून पुढचा अंक शोधावा की नाही हे ठरते. वाचकांची पत्रे असतील तर ती सोडू नयेत, कारण कोणत्या कथेने त्या काळच्या वाचकाला घाबरवले याचा पुरावा दुसरीकडे कुठे मिळत नाही. आणि कथेच्या शिरोभागी किंवा शेवटी बारीक टाइपात ‘आधारित’, ‘रूपांतरित’, ‘एका इंग्रजी कथेवरून’ असे काही छापले आहे का, हे नीट पाहावे. मूळ लेखकाचे नाव बरेचदा दिलेले नसते. गो. ना. दातारशास्त्री यांनी ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्या रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून घेतल्या, परंतु त्यातली माणसे, घरे, भुयारे आणि भाषा इतकी आपली करून टाकली की दोन पिढ्यांनी त्या मराठी म्हणूनच वाचल्या. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वरून आहे आणि ‘शपथ’ ही किंगच्याच ‘इट’वरून. हे कळल्यावर काही वाचक नाराज होतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या गावातला पिशाच्चांचा सुळसुळाट आपल्याकडच्या वाड्यात, आपल्या माणसांच्या बोलण्यात आणि आपल्या देवधर्माच्या कल्पनांत बसवताना लेखकाने काय ठेवले, काय टाकले आणि कुठे त्याला नवे रचावे लागले, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहणे हा या वाचनातला फार मोठा आनंद आहे, आणि तुम्ही इंग्रजीही वाचता म्हणून तुम्हाला तो सहज मिळू शकतो. शिवाय मूळ कथा ओळखू आली की एका पुस्तकावरून दुसऱ्या भाषेतल्या दहा पुस्तकांचा पत्ता लागतो.

आता ज्या भागाविषयी मला सर्वाधिक बोलावेसे वाटते, तिकडे येते. मराठीतले सर्वांत खोल आणि सर्वांत अस्वस्थ करणारे गूढ साहित्य भयकथांच्या पुस्तकांत नाही. ते गंभीर साहित्य म्हणून वेगळे ठेवले गेले आणि म्हणून गूढकथेच्या वाचकांपर्यंत पोचले नाही. त्यातला फार मोठा वाटा आपल्या मातीतला आहे. जी. ए. कुलकर्णी १९२३ साली आपल्याच जिल्ह्यात, चिकोडी भागातल्या एकसंब्यात जन्मले, बेळगावात वाढले, आणि आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवले. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनवर्षाविषयी वाद निघाला तेव्हा त्यांनी तो परत केला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण ‘पिंगळावेळ’मधली ‘स्वामी’ कथा ही मराठीतल्या सर्वांत भयंकर कथांपैकी एक आहे, हे फार थोडे लोक सांगतात. एका अनोळखी गावात आलेल्या माणसाला मठात आदराने नेले जाते, त्याची पूजा होते, आणि हळूहळू त्याच्या लक्षात येते की त्याला स्वामी करून तळघरात कायमचे बंद करण्यात आले आहे. भूत नाही, रक्त नाही, कुणी ओरडत नाही; सगळे काही भक्तिभावाने, सौजन्याने आणि नियमाने होते. बाहेरच्या जगाशी उरलेला त्याचा एकमेव संबंध म्हणजे एक वेल, आणि ती वेल ज्या तऱ्हेने वाढते ते वाचताना आपलाच श्वास कोंडू लागतो. ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घकथा आहेत, आणि त्यांचा देश, काळ, देवता, विधी यांतले काहीही आपल्या नकाशावर नाही. परदेशी लेखकांनी उभारलेल्या काल्पनिक प्राचीन जगांविषयी लोक तासन्‌तास बोलतात. ज्याला त्या जगांची ओढ आहे त्याने ‘इस्किलार’ वाचलीच पाहिजे. जी.ए.ना भयकथाकार म्हणावे असे मी सुचवत नाही. परंतु लव्हक्राफ्ट वाचणाऱ्या मुलाला ‘ते फार कठीण आहेत, नंतर वाच’ असे सांगून आपण त्याला त्याच्या घरातल्याच खजिन्यापासून दूर ठेवतो, आणि हे मी कित्येक वर्षे होताना पाहिले.

कमल देसाई १९२८ साली यमकनमर्डीला जन्मल्या. पुण्या-कोल्हापूरहून बेळगावला येताना संकेश्वर सोडले की थोड्या वेळाने ते गाव लागते. त्यांच्या ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या दोन दीर्घकथा एकत्र छापलेल्या मिळतात. त्यांत वास्तव आणि भास यांच्यामधली भिंत अशी कोसळत जाते की कोणत्या वाक्यावर आपण पलीकडे गेलो ते मागे जाऊनही सापडत नाही. पहिल्या वाचनात सगळे कळले नाही तरी थांबू नका. मी ‘काळा सूर्य’ तीनदा वाचल्यावर ती माझी झाली. कारवारमध्ये जन्मलेले विलास सारंग (१९४२–२०१५) यांचा ‘सोलेदाद’ हा कथासंग्रह आणि ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी याच वाटेवरची आहेत. आणि चिं. त्र्यं. खानोलकर मूळ कोकणातले असले तरी त्यांची ‘कोंडुरा’ (१९६६) मी या यादीतून कधीच वगळणार नाही. दैवी कृपा म्हणून मिळालेली गोष्टच एका साध्या, श्रद्धाळू माणसाला कशी विनाशाकडे नेते, हे त्या कादंबरीत इतक्या संथपणे घडते की वाचकाला मधेच उठून जाता येत नाही. ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपट पाहून जे विद्यार्थी तुमच्याकडे येतील, त्यांना मी आधी ‘कोंडुरा’ देईन आणि मग धारप देईन.

मतकरींविषयी वेगळे सांगायला नको, फक्त एवढेच की निवडक संग्रहांवर थांबू नका. ‘खेकडा’, ‘रंगांधळा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ असे मूळ संग्रह मिळवून वाचले म्हणजे त्यांचा हात कसा घडत गेला ते दिसते.

विज्ञानकथेची वाट तुलनेने सरळ आहे, कारण तिच्या मागे संस्था उभी राहिली. विसाव्या शतकाच्या तोंडावर ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद क्रमशः येऊ लागला, तिथून मराठी वाचकाला या प्रकाराची चव लागली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मुलांच्या हाती दिले. त्यांचे ‘चंद्रावर स्वारी’ अजून लोकांना आठवते, पण धूमकेतूवर अडकलेल्या माणसांची गोष्ट सांगणारे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ कुठे दिसले तर सोडू नका. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून टोपणनाव घेतले होते आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. माझ्या मते या हकिगतीत शोधणाऱ्याला एक धडा आहे: स्पर्धांच्या निकालांत आणि टोपणनावांत बरेच काही दडलेले असते. नारळीकरांच्या बरोबरीने लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, शुभदा गोगटे, अरुण मांडे यांचे संग्रह वाचा. बाळ फोंडके यांनी संपादित केलेला भारतीय विज्ञानकथांचा एक इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ साली काढला आहे. त्यातून इतर भारतीय भाषांतली नावे हाती लागतात. पुन्हा संपादकच.

आपल्या भागातल्या वाचकाकडे आणखी एक बळ आहे आणि ते आपण वापरत नाही. सीमेच्या प्रश्नावर आपले म्हणणे काहीही असो, शाळेमुळे, बाजारामुळे, शेजारामुळे आपल्याला कन्नड कळते आणि थोड्या सरावाने वाचताही येते. शिवराम कारंतांच्या १९६८ च्या ‘मूकज्जिय कनसुगळु’ या कादंबरीतली म्हातारी आजी एखादी जुनी वस्तू हातात घेते आणि तिला त्या वस्तूमागचा हजारो वर्षांपूर्वीचा काळ दिसू लागतो. पुण्यातल्या गूढकथेच्या वाचकाला यासाठी अनुवादाची वाट पाहावी लागते, तुम्हाला नाही. पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’ लहान आहे, सोपी आहे आणि पश्चिम घाटातल्या रानात एका उडत्या सरड्याच्या शोधात निघालेल्या माणसांची आहे; जांबोटी-कणकुंबीचे रान पाहिलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही. राजशेखर भूसनूरमठ यांनी कन्नडमध्ये विज्ञानकथा सातत्याने लिहिल्या. कन्नड वाचायचा कंटाळा असेल तर निदान बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांपासून आरंभ करा.

राहिला प्रश्न मिळवायचे कसे हा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. दोन्ही तुमच्यापासून बसच्या अंतरावर आहेत. तिथे जाऊन ‘गूढकथा आहेत का’ असे विचारू नका. ‘जुन्या मासिकांचे बांधीव खंड कुठे ठेवले आहेत’ असे विचारा, आणि जमल्यास आधी कळवून जा, कारण हे खंड बहुधा वरच्या मजल्यावर किंवा मागच्या खोलीत असतात आणि काढून देणाऱ्या माणसाला वेळ लागतो. जाण्यापूर्वी शंकर गणेश दाते यांनी तयार केलेली मराठी ग्रंथसूची चाळा. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातल्या आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांचा आहे. नोंदी विषयवार असल्यामुळे कादंबरी विभागात नुसत्या शीर्षकांवरून नजर फिरवली तरी भुयारे, शाप, पिशाच्चे, अदृश्य माणसे आणि मंगळावरच्या सफरी डोळ्यांत भरतात. वही घेऊन बसा आणि जी शीर्षके मनात रेंगाळतील तेवढीच उतरवून घ्या. जुन्या पुस्तकावर वर्ष शकात दिलेले असेल तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा. शके १८३७ म्हणजे साधारण १९१५.

इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने केलेली हजारो मराठी पुस्तकांची छायाचित्रित पाने आहेत. तिथे देवनागरीत शोधले तर बरेचदा काही मिळत नाही, कारण नोंदी रोमन लिपीत आणि हाताला येतील त्या स्पेलिंगांनी केलेल्या आहेत. एकच शीर्षक चार-पाच प्रकारे लिहून पाहा, शेवटचा ‘अ’ लावून आणि काढून पाहा, आणि लेखकाचे आडनाव बदलत्या स्पेलिंगने टाका. इंग्रजीतले ब्लॅकवुड, जेम्स, मॅकेन, हॉजसन हे सारे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आणि कायदेशीर आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतात. धारप २००८ साली गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर २०६८ च्या अखेरीपर्यंत हक्क आहेत, आणि ती पुन्हा छापलीही जात आहेत. तेव्हा त्यांच्या पीडीएफ फिरत्या मिळाल्या तरी विद्यार्थ्यांना पाठवू नका, एक प्रत विकत घेऊन वर्गात फिरवा.

मराठी ग्रामीण साहित्य संमेलने आपल्या भागात थंडीच्या दिवसांत गावोगाव होतात आणि तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात. नवी पुस्तके सगळे पाहतात. तुम्ही त्या गावातल्या वयस्क वाचकांशी बोला. ज्या घरात एके काळी पोस्टाने मासिक येत असे, त्या घराच्या माळ्यावर बहुधा अजून काही अंक असतात, आणि घरातली मुले शहरात गेलेली असतात. मागायला गेलात तर अंक द्या म्हणू नका. तिथेच बसून अनुक्रमणिकेचे फोटो काढू द्या म्हणा. त्यांचा विश्वास बसला की पुढच्या खेपेला ते स्वतःच गठ्ठा काढून ठेवतात. माझ्या बाबतीत असे चार घरांत झाले.

पण या सगळ्याच्या आधी एक काम तुमच्या हाताशी आहे. तुमची शाळा पन्नास वर्षांहून जुनी आहे, असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. अशा शाळेत ग्रंथालयाचे एक कपाट असतेच, त्याची किल्ली बहुधा कार्यालयात एखाद्या डब्यात असते, आणि आतली अर्धी पुस्तके कित्येक वर्षांत कुणी काढलेली नसतात. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एका शनिवारी दुपारी ते उघडा. दोन-तीन मुले बरोबर घ्या, वही घ्या, नाकाला रुमाल बांधा, आणि प्रत्येक पुस्तकाचे शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख उतरवा. सुरुवात तळच्या फळीपासून करा, कारण वाळवी तिथूनच चढते. यादी झाली की मला पाठवा. मी ती आमच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहीन आणि कोणते पुस्तक आधी वाचायचे ते कळवीन.